तांबूलखान्याची रीत

तंजावरच्या राजवाड्यात तांबूलखाना आमच्या घराण्याकडं होता. दरबारात कुणाला विडा द्यायचा, कोणत्या कामासाठी द्यायचा आणि कोणत्या ताटातून द्यायचा, हे माझे खापरपणजोबा बघत. पुढं राज्य गेलं, इनाम गेलं, आम्ही कुंभकोणमला आलो. माझे वडील पांडुरंगराव रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहून देत. पण त्यांच्या डोक्यातला तांबूलखाना काही बंद झाला नव्हता. घरात तांदूळ कोणत्या भावाचा आणायचा यावर ते माझ्या आईशी वाद घालत, पण विड्याच्या पानाला मात्र कधी नाही म्हणाले नाहीत. कोवळं, पिवळसर, देठ बारीक असलेलंच पान त्यांना लागे.

त्या विड्याची एक रीत होती. कुणाकडं काम असलं की त्याला आधी जेवायला बोलवायचं. जेवताना कामाचं अक्षर काढायचं नाही. पाहुणा हात धुऊन बसला की ज्याचं काम असेल त्यानं चांदीचं ताट पुढं करायचं आणि आपलं मागणं सांगायचं. काम होणार नसेल तर पाहुण्यानं विडा ताटातच ठेवायचा. घेतला, तर शब्द दिला. आणि एकदा विडा घेतला गेला की तेच मागणं पुन्हा कुणापुढं करायचं नाही, कारण मग विडा घेणाऱ्यावर तुमचा विश्वास नाही असं होतं.

हसू नका. या रीतीवर आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतली लग्नं ठरली, भाऊबंदकी मिटली. शेजारचे तमिळ लोकही भांडण विकोपाला गेलं की 'रायरांच्या घरचा विडा' घ्यायला येत. आम्हा मराठी माणसांना तिथं रायर म्हणतात. अख्ख्या गल्लीला ती रीत ठाऊक होती. पुण्याला ती ठाऊक नव्हती, एवढंच काय ते घोडं अडलं.

महामघाच्या, आमच्या गावच्या मोठ्या स्नानपर्वाच्या, आदल्या वर्षी मी शाळेची शेवटची परीक्षा पास झाले. गणितात पहिली आले. पुढं काय, हा प्रश्न आमच्या घरात एकाच वाक्यात सुटलेला होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते वाक्य निकालाच्या दिवशीच सांगून टाकलं.

"गांवांत मुलींचें कॉलेज आलें तर शीक. नाहीं आलें तर लग्न."

परगावी वसतिगृहात ठेवणं त्यांना मान्य नव्हतं आणि मुलांच्या वर्गात बसवणं तर त्याहून नाही. ते वाईट नव्हते. मी बी.ए. व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं. फक्त ते मी घरात झोपून, घरात जेवून व्हावं असं वाटायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कॉलेज येणार अशी गावात बोलवा होतीच.

ती बोलवा खरी ठरायची वेळही आली. देशात विद्यापीठं आणि कॉलेजं कुठं कुठं वाढवायची याची चौकशी करायला दिल्लीच्या सरकारनं एक समिती नेमली, आणि ती समिती आमच्या गावात दोन दिवस साक्षी घेणार असं जाहीर झालं. कावेरीकाठच्या गावांपैकी एकात मुलींचं कॉलेज निघणार होतं. ते कुंभकोणमला का निघावं, हे समितीपुढं येऊन सांगायचं होतं.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शिवकामी टीचर या बातमीनं झपाटल्यासारख्या झाल्या. बाई एकटी, काळी, उंच, आवाज असा की मागच्या बाकावरची मुलगी स्वप्नातून जागी व्हावी. जागा द्यायला एक व्यापारी तयार झाला होता. नगरपालिकेचा ठराव झाला होता. पण टीचरना समितीचं खरं दुखणं कळलं होतं.

त्या आम्हा मुलींना तमिळमध्ये म्हणाल्या, "जागा देणारे सगळ्याच गावांत आहेत. ते लोक एकच विचारतील, मुली येतील का? त्याचं उत्तर मी दिलं तर ते म्हणतील, ही मास्तरीण आहे, हिला नोकरीत बढती हवी. उत्तर तुम्हीच द्यायला हवं. तुमच्या तोंडानं. साक्षी होणार त्या हॉलमध्ये."

आम्ही आठ-दहा जणी होतो. पहिली बोलणार मी, कारण गणितात पहिली आणि आवाज मोठा. माझ्यामागं बोलणार विशालाक्षी, आमच्या समोरच्या घरातली, स्वामीनाथ अय्यरांची मुलगी. टीचरनी इंग्रजीत चार वाक्यं करून दिली आणि शाळेच्या रिकाम्या वर्गात उभं करून आमच्याकडून म्हणून घेतली. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. 'मी हजर आहे. माझा वर्ग कुठे आहे?' टीचरनी ते ऐकलं आणि चष्मा पुसला. म्हणाल्या, "हे राहू दे. हेच शेवटी."

त्यानंतर मी विहिरीवर पाणी काढताना, भात निवडताना, केस विंचरताना तेच म्हणत होते. इतकी माझी मी कधी नव्हते, आणि नंतरही झाले नाही.

मग वर्तमानपत्रात समितीच्या सभासदांची नावं आली. त्यात एक नाव पुण्याचं होतं. प्रोफेसर रघुनाथराव. अप्पा पेपर हातात धरून स्वयंपाकघरापर्यंत आले. एरवी ते तिथं पाऊल टाकत नसत.

"अगे, ऐकलेंस? आपला मनुष्य आहे त्यांत! पुण्याचा! आतां कॉलेज आलेंच म्हणून समज."

अम्मा, माझी आई अंबाबाई, चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "आपला? तुम्ही त्यास कधीं पाहिलें?"

"पाहावें कशास? भाषा एक, देव एक. आडनांव सांगितलें कीं झालें."

आमच्या लोकांचं हे असं आहे. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिले, घराबाहेर तमिळ बोलले, पण महाराष्ट्रातून कुणी येतंय म्हटलं की माहेरचा भाऊ आल्यासारखे पाघळतात. त्या भावाला ही बहीण आठवतही नसते, हे यांना कोण सांगणार? अप्पा मनातल्या मनात मांडे खाऊ लागले. स्टेशनवर हार घेऊन गेले, त्या प्रोफेसरना गाठलं, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण देऊन आले. आम्हा मुलींच्या साक्षी नेमक्या त्याच दिवशी, दुपारी जेवणानंतर होत्या.

घरी आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं.

"गोमती, तूं सभेंत जावयाचें नाहीं. तूं घरींच बोल. मी जेवूं घालतों, तूं विडा दे आणि तुझें मागणें सांग. आपले भाषेंत सांग."

मी म्हटलं, "अप्पा, घरींही बोलत्यें आणि सभेंतही बोलत्यें. टीचर वाट पाहतील."

"विडा दिल्यावर पुन्हा मागावें? चारचौघांपुढें? त्या गृहस्थास काय वाटेल? मीं विडा घेतला तरी यांचा भरंवसा नाहीं, असेंच कीं नाहीं?"

अम्मा मध्ये पडली. "बोलूं द्या की दोहींकडे. तिचें तोंड झिजतें काय? विडा राहील आपले जागीं."

अप्पा म्हणाले, "आमचे घरीं कधीं असें जाहलें नाहीं."

हे वाक्य आलं की आमच्या घरात बोलणं संपत असे. संपलं.

दुसऱ्या दिवशी अम्मा पहाटेपासून राबत होती. डांगर पचडी, चिंचगुळाचं आंबट, सांबार, वांगीभात, पुरणाच्या पोळ्या. गल्लीतल्या आणखी दोन मराठी घरांतून बायका मदतीला आल्या. कुणाच्या घरची समई आली, कुणाच्या घरचा पाट. मी दावणी, म्हणजे परकरावरची अर्धी साडी, नेसून तयार होते. आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवलेली, हॉलमध्ये नेसायची.

प्रोफेसर रघुनाथराव आले. गोरे, घारे, हसरे. माणूस खरंच गोड होता, आणि त्याचाच मला अजून जास्त राग येतो. दुष्ट माणसानं बुडवलं तर निदान शिव्या तरी घालता येतात. अप्पांनी दारात म्हटलं, "यावें, बसावें. प्रवास सुखरूप जाहला कीं?" आणि प्रोफेसर उंबऱ्यावरच थबकले.

"काय म्हणालात? 'जाहला'? पुन्हा म्हणा बघू!"

अप्पांनी पुन्हा म्हटलं. प्रोफेसरांनी टाळी वाजवली.

जेवण संपेपर्यंत हेच चाललं. अम्मानं 'आणिक वाढूं?' म्हटलं की ते खूश. अप्पांनी 'बहु उत्तम' म्हटलं की ते खूश. मी 'मी वाढत्यें' म्हटलं तेव्हा तर त्यांनी हातातला घास पानात ठेवला आणि अप्पांना म्हणाले, "अहो, ही आमच्या आजीच्या आजीची मराठी! तुम्ही जपून ठेवलीत!" अप्पांचा ऊर भरून आला. मदतीला आलेल्या बायका दाराआडून बघत होत्या, त्यांचेही डोळे भरले. कुणीतरी मोठं आपल्याला मोठं म्हणत होतं. एवढ्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. का खोटं बोलू?

मग ते हात धुऊन झोपाळ्यावर बसले. अप्पांनी मला खुणावलं. मी चांदीचं ताट घेऊन पुढं गेले. गावातल्या सगळ्यांत चांगल्या मळ्यातलं पान, मध्ये लवंग खोचलेला गोविंदविडा. ताटावर अडकित्ता वाजत होता.

मी म्हटलं, "मी शाळा संपविली. गणितांत पहिली आलें. मज पुढें शिकावें वाटतें आणि येथें वर्ग नाहीं. माझे मागें शाळेंत बहु मुली आहेत, त्यांसही वाटतें. कॉलेज केलें तर आम्ही येऊं. मी हजर आहें. माझा वर्ग कोठें?"

प्रोफेसर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, पोचलं. अगदी आत पोचलं.

त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "'मज'! अजून 'मज' म्हणता तुम्ही? आमच्याकडं हे आता कवितेतच उरलंय. फार छान बोललीस, बाळ. फार छान!" आणि त्यांनी विडा उचलून तोंडात टाकला.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. खापरपणजोबा स्वर्गातून उतरून शेजारी बसल्यासारखा तो चेहरा होता. 'विडा उचलणं' हा शब्द पुण्यातही आहे, मी नंतर ऐकला. पण तिथं तो भाषणात उरलाय. आमच्या घरात तो हातात होता.

प्रोफेसर गेले. थोड्याच वेळात शिवकामी टीचर स्वतः दारात उभ्या राहिल्या. घामाघूम. हॉलवरून चालत आल्या होत्या.

"गोमती कुठंय? आमचा नंबर आलाय."

अप्पा तमिळमध्ये, अगदी आदरानं म्हणाले, "टीचर, आता त्रास घेऊ नका. काम झालं. त्यांनी विडा घेतला."

टीचर म्हणाल्या, "रायर, हॉलमध्ये विडा लिहून घेत नाहीत. तिथं बोललेलं लिहून घेतात. दोन मिनिटांसाठी पाठवा तिला. मी स्वतः परत आणून सोडते."

"माझा शब्द गेला आहे, टीचर."

"तुमचा? तिचा काय?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. दोन पावलं टाकली असती तर मी ओसरीवर असते, आणखी चार टाकली असती तर रस्त्यावर. मी अप्पांकडं बघत राहिले, की ते एकदा माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही.

समोरच्या घरात स्वामीनाथ अय्यर ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. आपल्या मुलीला चार पुरुषांपुढं उभं करायची त्यांची काही हौस नव्हती; रायरांची मुलगी जातेय म्हणून ते तयार झाले होते. त्यांनी आत वळून काहीतरी म्हटलं आणि विशालाक्षी फुलं माळलेल्या वेणीसकट आत गेली. रायरांनी आतल्या आत काम केलंय, ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? हॉलमध्ये आलेल्या दोघी-तिघींनाही त्यांचे वडील येऊन घेऊन गेले. काम झालंच आहे तर मुलीची जात चव्हाट्यावर कशाला, हा सगळ्यांचा एकच विचार. शिवकामी टीचर समितीपुढं एकट्या उभ्या राहिल्या.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. अध्यक्षांनी कागद उलटले. मग पुण्याच्या सभासदानं, गालात विडा असलेल्या सभासदानं, इंग्रजीत विचारलं, "बाई, तुम्ही मुली येतील असं कळवलं होतं. एकही मुलगी कशी आली नाही?"

मी टीचरना विचारलं, "मग तुम्ही सांगितलं नाही, की एकीनं तर आत्ताच त्यांना जेवायला वाढलं?"

टीचर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं नाव घ्यावं लागलं असतं. गावासमोर." सगळेच अब्रू सांभाळत होते. माझं शिक्षण सांभाळायला कुणाला हात मोकळा नव्हता.

अहवाल यायला बरेच महिने लागले. तोवर अप्पा निर्धास्त होते. कॉलेजसाठी व्यापाऱ्यानं देऊ केलेल्या जागेवरून संध्याकाळी फिरून येत, अम्माला सांगत, इथं फाटक होईल, इथं विहीर. मीही सोबत जायचे. त्या जागेत एरंड माजला होता, आणि मी त्या एरंडात माझा बाक कुठं येईल ते बघून ठेवलं होतं. वेडीच होते.

अहवालात कॉलेज दुसऱ्या गावाला गेलं. कुंभकोणमबद्दल एक परिच्छेद होता. पेपरनं तो जसाच्या तसा छापला. गावातल्या प्रतिष्ठितांनी जोरदार मागणी केली, परंतु खुद्द मुलींपैकी एकीचीही साक्ष झाली नाही, सबब मुलींमध्ये उच्च शिक्षणाची ओढ असल्याचं समितीला दिसून आलं नाही. खाली सगळ्या सभासदांच्या सह्या. त्यांचीही.

ओढ दिसून आली नाही! मी ते वाचून पेपर चुलीत घातला. अम्मानं मला अडवलं नाही. अप्पा म्हणत राहिले, "कांही चूक जाहली असेल. त्यांनीं विडा घेतला होता." दोन दिवस ते कचेरीकडं फिरकले नाहीत. ज्यांना 'काम झालं' म्हणून सांगितलं होतं त्यांच्यासमोरून जायचं होतं ना. स्वामीनाथ अय्यर बोलले काही नाहीत, पण संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसणं त्यांनी बंद केलं.

मग महामघ आलं. बारा वर्षांनी येणारं पर्व, गावात पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या गर्दीत प्रोफेसर रघुनाथराव सहकुटुंब स्नानाला आले, ते थेट आमच्याच घरी. बायको, भाऊ, भावजय आणि पुतण्या. आम्ही त्यांची माणसं होतो ना!

अप्पांनी त्यांना आधी जेवू घातलं. मग झोपाळ्यासमोर उभं राहून विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला तो आवाज परका वाटला.

"आपण विडा घेतला होता."

प्रोफेसरना कळेना. अप्पांनी समजावलं. तांबूलखाना, रीत, सगळं. प्रोफेसरना खरोखरच वाईट वाटलं, मी बघितलं.

"अहो पांडुरंगराव, मला काय कल्पना! मी आपला जेवणावरचा विडा म्हणून खाल्ला. आणि पानावर ऐकलेलं सरकारी दप्तरात कसं येणार? हिनं हॉलमध्ये उभं राहून एक, एक वाक्य म्हटलं असतं ना, तर मी तुमच्या गावासाठी भांडलो असतो. एकही मुलगी आली नाही. माझे हात बांधलेले."

मी दाराआड होते. एक वाक्य. ते माझ्या तोंडात अजून तयार होतं.

मग प्रोफेसरांचा चेहरा पुन्हा हसरा झाला. "पण ही रीत फार मोलाची आहे हं. याच्यावर लिहायला हवं. आणि खरं सांगू का? मुलगी तेव्हापासून आमच्या मनात भरलीय. हा माझा पुतण्या, बँकेत आहे. तुमची काही अपेक्षा..."

अप्पा खाली बसले. कॉलेज आलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लागू झाला होता. गावात गेलेली पत पुण्याच्या सोयरिकीनं परत येणार होती. त्यांनी आत बघून हाक मारली. "गोमती, ताट आण."

यावेळी मुलाच्या वडिलांनी विडा घेतला, आणि यावेळी त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना बरोबर समजला. तो विडा मात्र लागू पडला. शिवकामी टीचर लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता गेल्या.

पदरात पडलं ते पवित्र झालं. नवरा वाईट नव्हता. सासर वाईट नव्हतं. फक्त कुणी पाहुणा आला की सासूबाई हाक मारायच्या, "गोमती, बाहेर ये गं, जरा तुमच्यातलं बोलून दाखव." मी 'जात्यें' म्हणायचे, ते हसायचे. प्रेमानंच हसायचे. म्हणून मी त्यांची मराठी शिकले. रेडिओ ऐकून, भाजीवालीशी बोलून, रात्री उशीत तोंड खुपसून. वर्षभरात मी अशी बोलू लागले की कुणाला शंका येऊ नये. एक दिवस प्रोफेसरांशी, म्हणजे आता आमच्या मोठ्या काकांशी, मी तशी बोलले तर ते हळहळले.

"अरेरे! बिघडलीस की गं!"

आणि मग त्यांनी मला विद्यापीठात नेलं.

हो. मी विद्यापीठात गेले. दक्षिणेत राहिलेल्या मराठीवर काकांचं व्याख्यान होतं आणि त्यांना जिवंत नमुना हवा होता. तान्ही मुलगी सासूबाईंकडं ठेवून मी गेले. मोठा हॉल, उंच खिडक्या, ओळीनं बाकं, आणि बाकांवर वह्या उघडून बसलेल्या माझ्या वयाच्या मुली. मी आधी त्या बाकांकडंच बघत राहिले.

काकांनी मला टेबलाशी उभं केलं. "घाबरू नकोस. काहीही बोल. तुझ्या जुन्या भाषेत. आम्हाला शब्दांची रूपं ऐकायचीत, विषय कोणताही चालेल."

कोणताही चालेल. मी टेबलाची कड धरली. एवढ्या वर्षांत ते कुठंही गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी शाळा संपविली. गणितांत पहिली आलें. मज पुढें शिकावें वाटतें आणि येथें वर्ग नाहीं. माझे मागें शाळेंत बहु मुली आहेत, त्यांसही वाटतें. कॉलेज केलें तर आम्ही येऊं." मी पुन्हा बाकांकडं बघितलं. "मी हजर आहें. माझा वर्ग कोठें?"

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. काकांनी हसून हात वर केला आणि फळ्यावर 'आलें', 'मज', 'कोठें' असं लिहिलं. समोरच्या मुलींनी ते उतरवून घेतलं. एकीनं हात वर करून विचारलं, मुलगा असता तर 'आलें'च्या जागी काय म्हणाला असता? काकांनी सांगितलं. दुसरं कुणी काही विचारलं नाही.

नंतर पानसुपारी झाली. काका स्वतः तबक घेऊन माझ्यापुढं आले. खुशीत होते.

"गाजवलंस, गोमती! पुढच्या महिन्यात नागपूरला अधिवेशन आहे. तिथंही असंच बोलायचंय तुला. येशील ना? घे, विडा घे."

जेवण झालं नव्हतं, बाकी सगळी रीत जुळून आली होती. मागणं होतं, ताट होतं, विडा होता. आणि तांबूलखान्याची रीत काय, हे या माणसाला माझ्या बापानं समोर उभं राहून समजावलेलं होतं. त्यावर यांनी लिहिलंही होतं.

मी हात पदराखाली घेतले. विडा ताटातच ठेवला.

"पान खात नाहीस वाटतं," काका म्हणाले. त्यांनी तो विडा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि मला नागपूरच्या गाडीची वेळ सांगू लागले.